केमिस्ट्री मेजर आहे, कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात शिरायचं कसं?

प्रश्न : मी नागपूरच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या सेमला आहे. मेजर केमिस्ट्री. बारावीला गणित होतं, बरे मार्क पडले. कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं मनात होतं, पण प्रवेशाच्या वेळी यादी केव्हाच भरली होती. आता दुसऱ्या वर्षासाठी मायनर, म्हणजे मेजरच्या जोडीचा दुसरा विषय, निवडायचा आहे, तर ऑफिसात सांगतात, "कॉम्प्युटरच्या जागा त्यांच्याच मुलांना पुरत नाहीत." ओपन इलेक्टिव्हमधून, म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून, घेते म्हटलं तर "तू सायन्सची आहेस, तुला चालत नाही" असं उत्तर मिळालं. एका सरांना वर्गात नुसतं बसू का म्हणून विचारलं, ते "बघू" म्हणाले. बाबा म्हणतात, बर्डीवर साठ हजारांचा फुल स्टॅकचा क्लास आहे, तो लाव. माझ्याकडे लॅपटॉप नाही, कामठीहून रोज ये-जा करते. प्रोग्रॅमिंग मला खरंच शिकायचं आहे आणि जमलं तर पुढे त्यातच जायचं आहे. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, कामठी

उत्तर : तुला मिळालेल्या तीन उत्तरांपैकी ओपन इलेक्टिव्हचं उत्तर बरोबर आहे, मायनरचं अर्धंच आहे आणि सरांचं "बघू" सगळ्यांत कामाचं आहे.

ओपन इलेक्टिव्हचा विषय आधी संपवू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने जो आराखडा आणला (२० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय), त्यात हा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. केमिस्ट्री विज्ञानात, कॉम्प्युटर सायन्सही विज्ञानात. इकॉनॉमिक्स किंवा मराठी मेजर असलेल्या मुलीला तो मिळू शकेल, तुला नाही. तेव्हा त्या खिडकीवर पुन्हा वेळ घालवू नकोस. मायनरचं तसं नाही. मायनर मेजरच्याच विद्याशाखेतला दुसरा विषय असला तरी चालतो, दुसऱ्या शाखेतला असला तरी चालतो, आणि तीन वर्षांत मिळून त्याचे १८ ते २० क्रेडिट होतात. केमिस्ट्री मेजर आणि कॉम्प्युटर सायन्स मायनर ही जोडी नियमात चोख बसते. अडलंय ते जागेवर. तुझं कॉलेज स्वायत्त असेल तर मायनरची यादी कॉलेजच ठरवतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असेल तर चौकट विद्यापीठाची असते, पण त्यातले कोणते विषय प्रत्यक्ष शिकवायचे हे शिक्षक आणि लॅब पाहून कॉलेजच ठरवतं. म्हणजे दोन्हीकडे निर्णय खिडकीवरच्या बाबूंच्या हाती नाही. तो विभागप्रमुख आणि प्राचार्यांच्या हाती आहे.

आणि हो, एसईसी म्हणजे कौशल्य विषयांची टोपलीही एकदा बघून ठेव. तिथे शाखेची ती आडकाठी नाही. पायथन, वेब डिझाइन, डेटाबेस असं काही त्यात असेल तर दोन क्रेडिटचा का होईना, अधिकृत विषय हाती लागतो.

आता "जागा नाही" म्हणजे नेमकं काय, ते समजून घे. कॉम्प्युटर विभागात जागा मोजली जाते ती लॅबमधल्या चालू मशीनवर. वीस मशीन असतील आणि तीन बंद पडल्या असतील, तर प्रॅक्टिकलची बॅच सतराची. थिअरीच्या वर्गात मात्र बाक रिकामे असतात, सेम निम्मी सरली की आणखी रिकामे होतात. म्हणून तुझी मागणी दोन तुकड्यांत मांड: थिअरीला त्यांच्या वर्गात बसू द्या, आणि प्रॅक्टिकल ज्या बॅचला मशीन मोकळी असेल त्या बॅचला द्या. "मला कॉम्प्युटर सायन्स द्या" या मागणीला नाही म्हणणं सोपं असतं. "मंगळवारच्या दुसऱ्या बॅचला दोन मशीन रिकाम्या असतात, तिथे बसू का?" असं विचारलं की सरांना निदान लॅब असिस्टंटला विचारावं लागतं.

दुसरी अडचण टाइमटेबलची, आणि ती जागेपेक्षा चिवट आहे. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल सलग तीन-चार तास चालतं. नेमकं त्याच वेळी डेटा स्ट्रक्चर्सचं (माहिती साठवायच्या रचनांचं) लेक्चर असेल तर सर कितीही भले असले तरी काही करू शकत नाहीत. तेव्हा दोन्ही विभागांच्या नोटीस बोर्डावर तिसऱ्या सेमचं जे टाइमटेबल या वर्षी लागलं होतं, त्याची प्रत मिळव. विभागातल्या सीनियर मुलींच्या फोनमध्ये फोटो असतोच. वेळापत्रक दरवर्षी मुळापासून बदलत नाही. एका कागदावर सोमवार ते शनिवारची चौकट आख, केमिस्ट्री एका रंगात भर, कॉम्प्युटर दुसऱ्या, आणि जिथे दोन्ही एकमेकांवर येतात तिथे गोल कर. गोल जर केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलवर येत असेल तर उपाय तुझ्याच विभागात आहे: आपल्या मॅडमना भेटून बॅच बदलून माग. बॅच बदलणं ही विभागातल्या विभागातली गोष्ट असते, त्याला सहसा प्राचार्यांपर्यंत जावं लागत नाही. हा कागद घेऊन कॉम्प्युटरच्या विभागप्रमुखांसमोर बसलीस की बोलणं "बघू"च्या पुढे जातं.

वेळेचंही भान ठेव. पहिल्या वर्षाच्या जागा इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडनंतर (केंद्रीय प्रवेश फेरीनंतर) सुटतात, कारण बीएस्सीला नाव घालून ठेवलेली मुलं तेव्हा निघून जातात. यंदा बारावी झालेलं कोणी हे वाचत असेल तर त्याने प्रवेशाची यादी संपली म्हणून घरी न बसता त्या राउंडनंतर कॉलेजात पुन्हा चौकशी करावी. तुझ्यासाठी महत्त्वाचे आहेत ते तिसरी सेम सुरू झाल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे. मैत्रिणीने घेतला म्हणून मायनर घेतलेली मुलं याच काळात तो सोडतात. विषयबदलाची शेवटची तारीख कोणती, हे ऑफिसातून आजच माहीत करून घे. ती उलटली, परीक्षेचे अर्ज भरले गेले, की मग कोणाच्याही हातात काही उरत नाही.

म्हणून अर्ज आत्ता, दुसऱ्या सेमची परीक्षा व्हायच्या आधीच दे. प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुख कॉम्प्युटर सायन्स यांच्या मार्फत. त्यात एवढंच असू दे: नाव, वर्ग, रोल नंबर, मेजर; बारावीला गणित होतं हे आणि गुण; तिसऱ्या सेमपासून कॉम्प्युटर सायन्स मायनर म्हणून हवा ही विनंती; टाइमटेबलात अडचण येत नाही, आणि येत असेल तर ती कशी सोडवली; जागा नसल्यास प्रतीक्षा यादीत नाव ठेवावं; आणि तोवर थिअरी वर्गात बसण्याची परवानगी मिळावी. सोबत पहिल्या सेमची गुणपत्रिका. एका पानाच्या वर जाऊ नकोस, "मला लहानपणापासून आवड आहे" वगैरे लिहू नकोस. दोन प्रती काढ, एक ऑफिसात दे आणि दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. जुलैत "तुझा अर्ज आलाच नव्हता" असं कोणी म्हटलं तर तो शिक्काच तुझ्या बाजूने बोलेल.

फीचंही विचार. बऱ्याच कॉलेजांत कॉम्प्युटर सायन्स विनाअनुदानित तत्त्वावर चालतो आणि त्याची फी वेगळी असते. मायनर घेतला तर नेमकी किती जास्त भरावी लागेल आणि तुझी शिष्यवृत्ती असेल तर ती रक्कम तिच्यात धरली जाते का, हे आधी कळायला हवं.

इथवर कागदाचं झालं. पण खरी भिंत पुढेच आहे आणि तिच्याबद्दल तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. समज, जुलैत जागा मिळाली. त्या वर्गातली मुलं पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगची एक भाषा शिकून आलेली असतात. तिसऱ्या सेमला बहुतेक ठिकाणी डेटा स्ट्रक्चर्स किंवा ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग असतं. तिसऱ्या आठवड्यात लिंक्ड लिस्ट, म्हणजे बाणांनी जोडलेली माहितीची साखळी, निघते. ज्याला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याला फळ्यावरचे बाण दिसतात पण प्रोग्रॅम लिहिता येत नाही. दुसऱ्या विषयाची मुलं मायनर सोडतात ती बहुतेक इथेच, आणि सरांच्या "बघू"मागेही हीच काळजी असते. त्यामुळे सीटसाठी जेवढी धडपड करशील, त्याच्या दुप्पट ताकद जुलैच्या आत पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग संपवण्यात लाव.

भाषा कोणती? कॉलेजचा पहिल्या वर्षाचा सिलॅबस बघ आणि पुढचं डेटा स्ट्रक्चर्स ज्या भाषेत शिकवतात तीच घे. ती सी असेल तर सी. पायथन सोपी आहे, सगळीकडे तिचंच नाव निघतं, हे खरं; पण पुढचा वर्ग सीमध्ये असेल तर पायथन शिकून गेलेल्या मुलीची मेमरी आणि पॉइंटरशी गाठ पहिल्यांदा तिथेच पडते. तुझ्या कॉलेजात पायथन असेल तर प्रश्नच नाही.

शिकताना नुसते व्हिडिओ बघू नकोस, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. प्रोग्रॅम हाताने टाइप कर, चुकू दे, चूक शोध. सीमधल्या दोन चुका सांगते, कारण त्या प्रत्येकाकडून होतात आणि त्या समजल्या की पुष्कळ काही उलगडतं. पहिली: फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचं म्हणून तू सूत्र जसंच्या तसं लिहितेस, पाच भागिले नऊ, गुणिले कंसात तापमान वजा बत्तीस. प्रोग्रॅम चालतो, एररही येत नाही, पण कोणतंही तापमान दे, उत्तर शून्यच. कारण पाच आणि नऊ दोन्ही पूर्णांक, आणि सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश भाग टाकून दिला जातो. पाच भागिले नऊ तिथे शून्य होतं. पाचच्या जागी पाच पॉइंट शून्य लिही, उत्तर बरोबर येतं. दुसरी: दहा मुलांचे गुण ठेवायला दहा घरांचा अ‍ॅरे घेतलास आणि लूप एक ते दहा असा फिरवलास. अ‍ॅरेची घरं शून्य ते नऊ असतात. दहा क्रमांकाच्या घराला हात लावलास म्हणजे आपल्या मालकीची नसलेली जागा वापरलीस. सी तुला अडवत नाही. घरच्या मशीनवर प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, कॉलेजच्या लॅबमध्ये भलतंच उत्तर देतो किंवा बंद पडतो, आणि मुलं म्हणतात मशीन खराब आहे. ही दोन उदाहरणं स्वतः करून, मुद्दाम बिघडवून, पुन्हा दुरुस्त करून बघ. प्रॅक्टिकलच्या व्हायवात हमखास असलंच विचारतात.

सरांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तुझ्याकडे केमिस्ट्री आहे, ती वापर. असा प्रोग्रॅम लिही: रेणुसूत्र द्यायचं, मोलर मास मिळवायचं. आधी अगदी साधं, पाण्याचं सूत्र दिलं की १८.०१५ यावं. त्यासाठी मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि अणुभारांची सारणी प्रोग्रॅमला द्यावी लागेल. पायथनमध्ये त्याला डिक्शनरी पुरते, सीमध्ये दोन अ‍ॅरे किंवा स्ट्रक्चर. मग सूत्रातलं एकेक अक्षर वाचत जायचं. पहिला खड्डा इथेच लागतो: कार्बन मोनॉक्साइडचं सूत्र आणि कोबाल्टची संज्ञा यांत फरक फक्त दुसऱ्या अक्षराचा, ते मोठं आहे की लहान. म्हणजे मोठं अक्षर दिसलं की पुढचं अक्षर लहान आहे का ते आधी बघायचं, मगच मूलद्रव्य ठरवायचं. दुसरा खड्डा आकड्यांचा. ग्लुकोजच्या सूत्रात कार्बनपुढे सहा आहे तोवर ठीक, पण हायड्रोजनपुढचे बारा हे एक आणि दोन असे दोन वेगळे अंक म्हणून वाचले जातात. ते जोडून बारा करावे लागतात. अंक मुळीच नसेल तर एक धरायचा, हेही प्रोग्रॅमला सांगावं लागतं. तिसरा खड्डा कंसाचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये कंसाबाहेरचा दोन आतल्या ऑक्सिजनलाही लागतो आणि हायड्रोजनलाही. उत्तर साधारण ७४.०९ यायला हवं. कंस आला की आतापर्यंतची बेरीज बाजूला ठेवायची, आतली वेगळी करायची, कंस संपला की गुणून परत मिळवायची. हे बाजूला ठेवणं म्हणजेच स्टॅक, डेटा स्ट्रक्चर्सच्या अगदी पहिल्या प्रकरणांतला. कंसात कंस आला तरी तोच स्टॅक कामी येतो. हा प्रोग्रॅम स्वतः लिहून, त्याची प्रिंट आणि दहा सूत्रांची तपासलेली उत्तरं घेऊन तू सरांसमोर गेलीस, तर पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग तुला येतं की नाही हा प्रश्न ते विचारणार नाहीत. चॅटबॉटकडून लिहून घेऊ नकोस. सर एखादी ओळ दाखवून "ही काढली तर काय होईल?" विचारतील, आणि ते विचारायलाच हवं.

अभ्यासासाठी एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांचे ऑनलाइन कोर्स, हा तुझ्यासाठी सगळ्यांत चांगला मार्ग आहे. शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी हजार रुपयांच्या घरात. जानेवारी आणि जुलै अशा दोन फेऱ्या असतात. पण आधीच्या फेऱ्यांची लेक्चर्स यूट्यूबवर असल्याने जुलैपर्यंत थांबायची गरज नाही. सीसाठी आयआयटी खरगपूरचा 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थ्रू प्रोग्रॅमिंग इन सी' बघ, १२ आठवड्यांचा आहे. पायथन अगदी शून्यापासून शिकायची तर आयआयटी रोपडचा 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग यूझिंग पायथन'. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स शिकवणारा आठ आठवड्यांचा कोर्स उत्तम आहे, पण तो दुसरा म्हणून घे; पहिलाच घेतलास तर तिसऱ्या आठवड्यात दम लागेल. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ असे गुण असतात, आणि दोन्हीकडे वेगळं पास व्हावं लागतं: असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि केंद्रावरच्या परीक्षेत ७५ पैकी ३०. १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात. मुलं चुकतात ती एका साध्या गोष्टीत: कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेलाही नोंदलं गेलं असं समजतात. परीक्षेचा अर्ज आणि फी वेगळी असते, तिची मुदतही वेगळी.

हे क्रेडिट डिग्रीत धरले जातात का? यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेममधल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून करता येतात, आणि एनपीटीईएल स्वयमचाच भाग आहे. पण सर्टिफिकेट हातात घेऊन नंतर "हे धरा" म्हणून गेलीस तर उपयोग होईलच असं नाही. आधी कॉलेजच्या स्वयम समन्वयकांना भेट, हा कोर्स तुझ्या कोणत्या विषयाच्या बदल्यात किती क्रेडिटला चालेल ते लेखी घे आणि मग नोंदणी कर. एबीसी आयडीवरचं (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्यावरचं) नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरशः जुळतं का, तेही बघ. वडिलांचं नाव मागे-पुढे झालं तरी क्रेडिट अडकतात. मायनरची सीट मिळालीच नाही तर एसईसी आणि स्वयम या दोन वाटांनीही तू बरंच अंतर कापू शकतेस.

बाबांच्या साठ हजारांविषयी आमचं मत स्पष्ट आहे: या वर्षी नको. फुल स्टॅकच्या क्लासमध्ये वेबसाइटचा पुढचा भाग, मागचा भाग, डेटाबेस असं सगळं काही महिन्यांत उरकतात. ज्याला लूप आणि फंक्शन हातखंडा झालेत त्याला त्यातून काही मिळतं, नवख्याला कॉपी-पेस्टची सवय लागते. तिसऱ्या वर्षी गरज वाटली तर जा, पण तेव्हाही पैसे भरण्याआधी दोन लेक्चर बसून बघ, नोकरीची हमी देत असतील तर ती पावतीवर लिहून माग, मध्येच सोडलं तर किती परत मिळतील ते विचार. आणि "सोप्या हप्त्यांत" म्हणाले तर तो हप्ता क्लासला जातो की एखाद्या फायनान्स कंपनीला, हे बाबांना सही करण्याआधी वाचायला सांग. पुष्कळदा ते बाबांच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास बंद पडला तरी हप्ता सुरूच राहतो. एमएस-सीआयटी झालं असेल तर उत्तम, काही सरकारी नोकऱ्यांना ते लागतं, पण त्याला प्रोग्रॅमिंग समजू नकोस.

त्याच पैशांतला तिसरा हिस्सा लॅपटॉपवर घाल. नवा घ्यायची गरज नाही. ऑफिसांतून निघालेले बिझनेस मॉडेलचे जुने लॅपटॉप पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळतात आणि सी, पायथन, डेटाबेस या सगळ्याला पुरतात. रॅम ८ जीबी आणि एसएसडी या दोन गोष्टींवर तडजोड करू नकोस. जुन्या हार्ड डिस्कवर मशीन सुरू व्हायलाच पाच मिनिटं खाते. दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवून बघ, बॅटरीचा अंदाज येतो. कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघ, विशेषतः कंस आणि सेमीकोलनची, कारण प्रोग्रॅमिंगमध्ये दिवसभर त्यांच्यावरच बोट असतं. बिल घे, किमान एक महिन्याची वॉरंटी लिहून घे.

लॅपटॉप येईपर्यंत फोनवरही सुरुवात होते. पायथनसाठी पायड्रॉइड ३ हे अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालतं. ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब चालतं, पण त्याला नेट लागतं. लेक्चर्स वायफायवर उतरवून ठेव आणि ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोत बसल्यावर बघ, पण टाइप करायला मात्र घरी बसायला हवं. मे महिन्यात नागपुरात दुपारी अकरानंतर बाहेर पडवत नाहीच. परीक्षा संपल्यापासून कॉलेज उघडेपर्यंत सहा-सात आठवडे मिळतात. रोज दोन तास, त्यातला दीड तास टाइप करण्यात गेला, तर व्हेरिएबल, कंडिशन, लूप, फंक्शन, अ‍ॅरे, स्ट्रिंग आणि सी असेल तर पॉइंटर एवढं होतं. पहिल्या दोन आठवड्यांत वेग फार कमी वाटेल, लूपच्या आत लूप आला की एक दिवस पूर्ण अडकशील. कागदावर व्हेरिएबलच्या किमती ओळीओळीने लिहून बघ, तिथे सुटतं.

पुढचं थोडक्यात. बीएस्सी केमिस्ट्रीनंतर एमसीएचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीचा, रस्ता तुला बंद नाही. बारावीला गणित आहे, पदवीला किमान ५० टक्के हवेत (राखीव प्रवर्गांना ४५), राज्याची एमसीए सीईटी द्यायची आणि कॉम्प्युटरची पदवी नसल्यामुळे सुरुवातीला ब्रिज कोर्स, म्हणजे राहिलेला पाया भरून काढणारा अभ्यासक्रम, करायचा. कॅपमधून प्रवेश घेतला, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि तू ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये येत असशील, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींसाठीची २०२४ ची फी सवलत एमसीएला लागू होते का ते तेव्हा जरूर बघ. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी नियमित पदवीसोबत करता येते, यूजीसीने २०२२ पासून एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. तिला आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि पात्रता परीक्षा असते. पदवी चांगली आहे, पण परीक्षा खऱ्या अर्थाने कठीण असतात आणि केमिस्ट्रीची जर्नलं, प्रॅक्टिकल, कामठीची ये-जा सांभाळून दुसऱ्या वर्षात ती घ्यावी असं आम्हाला वाटत नाही. केमिस्ट्री सोडायची घाईही नको. रेणूंवर काम करणारी आरडीकिट ही मुक्त लायब्ररी पायथनमधून वापरतात, औषधांच्या संशोधनात ती रोजच्या वापरातली आहे, आणि केमिस्ट्री व कोड दोन्ही येणारी माणसं तिथे लागतात.

मायनर मिळाल्यावर एक काम विसरू नकोस. तिसऱ्या सेमचा परीक्षा अर्ज भरताना मायनरच्या विषयाचं नाव आणि पेपरचा कोड स्वतः तपास, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींचा. विषय बदललेल्या मुलांच्या अर्जात जुनाच कोड राहून जातो आणि ते हॉल तिकीट हातात पडल्यावर, परीक्षेच्या दोन-चार दिवस आधी लक्षात येतं. विषयबदलाची मंजुरी आणि तुझ्या अर्जाची शिक्क्याची प्रत अर्ज भरायला जाताना सोबत ने, आणि ऑफिसच्या स्क्रीनवर कोड बदललेला दिसल्यावरच फी भर.